मॅग्नमचा मोह

गेल्या वर्षी वसुबारसेच्या सकाळी मी माळ्यावर चढून पितळी समया खाली देत होतो आणि खाली उभी राहून आई दर अर्ध्या मिनिटाला "सांभाळून रे, पाय घसरेल" हा मंत्र म्हणत होती. इतक्यात फोन वाजला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहणारा माझा भाचा बोलत होता. आमच्याकडे सकाळ, त्याच्याकडे रात्र. चकल्या झाल्या का, आजीचा गुडघा कसा आहे, असे कुशल विचारून झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "मामा, एक विचारतो, हसू नका. हरणाच्या शिकारीला रायफल कोणत्या बोअरची घ्यावी?"

वाचकहो, मी चोपड्याच्या कॉलेजात मराठी शिकवतो. समास आणि अलंकार यांवर मला कोणीही, केव्हाही विचारावे, पण रायफल? सोनाराला पुरणपोळीचे प्रमाण विचारावे तशातलाच हा प्रकार. तरी भाच्याचे अगदीच चुकले होते असे नाही. आमच्या घरात एके काळी रायफल होती. माझे आजोबा, ज्यांना सारा गाव आबा म्हणे, शिकारीचे शौकीन होते. त्यांच्यामागे ती रायफल वडिलांच्या नावावर झाली आणि पुढे वडिलांनी ती कायद्याप्रमाणे सरकारात जमा केली. आता उरली आहे ती एक पितळी पुंगळी, म्हणजे उडवलेल्या काडतुसाचे रिकामे टरफल. ते माझ्या टेबलावर पेनांच्या शेजारी उभे असते.

भाच्याची हकीगत अशी. त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राने त्याला नोव्हेंबरातल्या शिकारीचे आमंत्रण दिले होते. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरच्या उत्तरार्धात नऊ दिवस बंदुकीने हरिणे मारण्याचा हंगाम असतो आणि तिकडे तो आपल्याकडच्या जत्रेसारखा साजरा होतो. भाच्याने शिकारीच्या शिक्षणाचा सक्तीचा वर्ग पुरा केला, परवान्याचीही सोय केली, आणि रायफल घ्यायला तो दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "३०० मॅग्नम घे. मग चिंताच नको."

"आबा पणजोबा कोणती वापरायचे?" भाच्याने विचारले.

मी म्हणालो, "दोन दिवस दे. विचार करून सांगतो."

त्याच संध्याकाळी मी आमच्या चिरंजीवांना घेऊन फटाक्यांच्या दुकानात गेलो. मी लवंगी आणि भुईचक्रे मागत होतो, चिरंजीवांचा डोळा सुतळी बॉम्बवर होता. "लवंगी काय बाबा, मुली उडवतात!" असे त्याचे मत पडले. (त्याच्या बहिणीने गेल्या वर्षी कोणता फटाका उडवला होता, हे तो सोयिस्कर विसरला होता.) मी मनाशी म्हटले, हा चोपड्यातला दहा वर्षांचा मुलगा आणि विस्कॉन्सिनमधला पंचवीस वर्षांचा मुलगा, दोघांची अडचण एकच आहे. आवाज मोठा म्हणजे पराक्रम मोठा, या समजुतीला वयाचे बंधन नाही.

या दोन दिवसांत मी बरीच चाळाचाळ केली. आपल्या घरांतून हा विषय सहसा निघत नाही. तेव्हा आधी बोअर म्हणजे काय ते सांगतो.

बंदुकीच्या नळीचे पोट किती रुंद, ते सांगणारा आकडा म्हणजे बोअर किंवा कॅलिबर. जुन्या छऱ्याच्या बंदुकीत हा आकडा उलटा चालतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअर. म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद! रायफलीचे मात्र सरळ आहे. तिथे नळीचे माप इंचाच्या अंशांत देतात. आमच्या आबांची ३१५ बोअर होती, म्हणजे इंचाचे ३१५ सहस्रांश, सुमारे आठ मिलिमीटर. अमेरिकेतली ३०० म्हणजे इंचाचे ३०० सहस्रांश.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि इथे गृहिणींना ओळखीची खूण भेटेल. आपला जुना सरकारी तोळा बरोबर १८० ग्रेनचा. अमेरिकेत ३०० मॅग्नममध्ये सर्रास वापरली जाणारी गोळी १८० ग्रेनची असते. म्हणजे आईच्या पेटीतल्या एका तोळ्याच्या वळ्याएवढे ते वजन. आबांच्या ३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे एक तोळा चार-पाच मासे. सारा फरक पडतो तो तोळा किती वेगाने जातो त्यावर.

आता 'मॅग्नम'. हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'मोठे' एवढाच. शॅम्पेनच्या दुप्पट मापाच्या बाटलीला मॅग्नम म्हणत, तिथून तो काडतुसांच्या पेटीवर आला. १९१२ मध्ये लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कंपनीने ३७५ मॅग्नम काढली, ती हत्ती-गव्यांपर्यंत चालणारी. हरणांच्या शिकाऱ्यांत आज जिचा बोलबाला आहे, ती विंचेस्टर कंपनीची ३०० मॅग्नम १९६३ मधली. गंमत अशी की तिची गोळी काही निराळी नाही. अमेरिकेत १९०६ पासून चालत आलेल्या 'थर्टी-ओ-सिक्स' या काडतुसातही तीच एक तोळ्याची गोळी बसते. मॅग्नममध्ये टरफल थोरले आणि त्यात दारू जास्त, एवढेच. साध्या काडतुसात ती गोळी सेकंदाला सुमारे २,७०० फूट जाते, मॅग्नममध्ये सुमारे २,९६० फूट. दोन्ही आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगाने! वेग वाढला दहा टक्के, पण गोळीचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे तो वाढला वीस टक्के. आणि रायफलीचा खांद्याला बसणारा धक्का त्याहूनही अधिक प्रमाणात वाढला. दुकानदार ग्राहकाला पहिले दोन आकडे सांगतो. तिसरा ग्राहकाला खांदाच सांगतो.

मग हरीण मरते कशाने? जोराने नव्हे, जागेने. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या अर्ध्या भागात काळीज आणि फुप्फुसे असतात. ही जागा फराळाच्या ताटलीएवढी. तिथे साधी गोळी बसली तरी हरीण काही पावलांत कोसळते. तिथून वीतभर मागे, पोटात, मॅग्नमची गोळी बसली तरी ते पळते आणि कुठल्या तरी झुडपात तासन् तास तडफडते. विस्कॉन्सिनचे पांढऱ्या शेपटीचे हरीण आपल्या चितळाच्याच तोलाचे. आपले सांबर त्याच्या दुप्पट-तिप्पट. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या 'थर्टी-थर्टी' या मवाळ काडतुसाने अमेरिकेतल्या पिढ्यान् पिढ्यांनी ही हरिणे मारली आहेत.

जोरदार रायफलीचे खरे दुखणे निराळेच आहे. पहिले दोन-चार बार झाले की खांदा धक्का ओळखू लागतो, आणि पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या आधीच माणूस नकळत डोळे मिटतो, खांदा आकसतो, बोट हिसका देते. नळी केसभर हलली तर शंभर पावलांवर गोळी वीतभर सरकते. म्हणजे ताटली चुकते. ज्याला जोर हवा म्हणून त्याने मोठी रायफल घेतली, तोच जोर त्याचा नेम बिघडवतो.

थोर शिकाऱ्यांना हे ठाऊक होते. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी जिम कॉर्बेटला रायफल बक्षीस दिली ती रिग्बी कंपनीची २७५ बोअरची, हलकी आणि मवाळ. १९३० मध्ये चौगडची वाघीण अवघ्या काही पावलांवर समोर आली तेव्हा कॉर्बेटच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. त्याने ती २७५ एका हाताने हळूहळू फिरवली आणि बार काढला. मोठ्या दुनळीने हे साधले असते काय? बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक याच २७५ ने. कारण हत्तीच्या डोक्यात मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने कसून अभ्यास केला होता. अर्थात हे वाचून कोणी हलके काडतूस घेऊन हत्तीमागे लागू नये. फार हलकी गोळी हाही क्रूरपणाच. कोलोरॅडो राज्यात हरणांसाठी रायफल किमान इंचाच्या २४ शतांश बोअरची असावी असा नियम आहे. कायदा खालची मर्यादा घालतो. वरची मर्यादा ज्याची त्याने घालायची असते, आणि तिथेच सारा घोटाळा होतो.

आता आबांकडे वळतो.

चोपड्याच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी. या पट्ट्याला शिकारीची परंपरा मोठी. तापीपलीकडच्या धरणगावी १८२५ च्या सुमारास जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली, तेव्हा त्याने भिल्लांचा विश्वास मिळवला तो त्यांच्याबरोबर वाघांच्या शिकारी करून. आबांच्या काळी वनखात्याचा परवाना काढून सांबर-चितळ मारता येत. त्यांच्या रायफलीचा ३१५ हा आकडाही त्याच इतिहासातला. लष्कराच्या ३०३ ची काडतुसे भलत्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानात नागरिकांना लष्करी बोअर बंद केले होते, त्यामुळे खाजगी माणसांत ३१५ रुळली, ती स्वातंत्र्यानंतरही राहिली. माझ्या टेबलावरच्या पुंगळीच्या बुडाशी 'के. एफ.' अशी अक्षरे आहेत. किरकी फॅक्टरी, म्हणजे आपली पुण्याजवळची खडकी.

१९६४ च्या थंडीतली गोष्ट. लहानपणी आम्ही ती इतक्या वेळा ऐकली की पाठच झाली होती. मुंबईचे एक बडे पाहुणे ३७५ मॅग्नम घेऊन आबांकडे आले. सारे वैजापूरच्या बाजूला सातपुड्यात गेले. बरोबर गावचा जागल्या होता, माग काढण्यात पटाईत असा भिल्ल. कलत्या उन्हात नाल्याच्या काठी सांबर आले, पाहुण्यांनी बार काढला, सांबर ठेचकाळले आणि झाडीत शिरले. रक्ताचा रंग काळपट, त्यात चघळलेला चारा. जागल्याने मान हलवली. गोळी पोटात होती. अंधार पडेपर्यंत शोधले. दुसऱ्या दिवशी दिवसभर शोधले. तिसऱ्या दिवशी सकाळी सांबर सापडले ते एका डबक्याच्या काठी, बसलेले आणि जिवंत. आबांनी आपल्या ३१५ ने ते संपवले. परतताना जागल्या पाहुण्यांना म्हणाला, "गोयी मोठी नही लागत, नजर मोठी लागस." आबांनी त्यानंतर शिकार सोडली. कायदा आला तो पुढे १९७२ मध्ये.

ही गोष्ट सांगताना आम्ही मुले "मुंबईचे पाहुणे" म्हटले की हसत असू. बडी बंदूक, कच्चा नेम. आमच्या घरचा तो ठेवणीतला विनोद होता.

आबा वारले तेव्हा मी कॉलेजात होतो. दहाव्याला तो जागल्या आला. खूप म्हातारा झाला होता. वडिलांशी बराच वेळ बोलत बसला. त्या दिवशी वडील कोणाशी फार बोलले नाहीत. पुष्कळ वर्षांनी, रायफल जमा करायला निघालो त्या सकाळी, त्यांनी मला ते सांगितले. बार पाहुण्यांनी काढलाच नव्हता. सांबर आले तेव्हा ती ३७५ आबांच्या हातात होती. पाहुण्यांनी "बघा एकदा हातात घेऊन" म्हटले आणि आबांना मोह आवरला नाही. ज्या रायफलीने त्यांनी आयुष्यात एकही बार काढला नव्हता, तिने त्यांनी सांबरावर पहिला बार काढला. "गोयी मोठी नही लागत" हे जागल्या म्हणाला होता ते पाहुण्यांना नव्हे, आबांना. पाहुणे बिचारे दोन दिवस काट्याकुट्यांतून बरोबर फिरले होते, आणि आमच्या घरात मात्र तीस वर्षे त्यांची टिंगल होत राहिली.

वडील म्हणाले, "आबांनी शिकार का सोडली, ते मला त्या दिवशी कळलं. पण खोटं का सांगितलं, ते अजून कळत नाही." मला वाटते, मलाही कळत नाही. नातवंडांपुढे माणसाला थोडे मोठे राहायचे असते, एवढेच असेल.

दोन दिवसांनी, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या सकाळी, मी भाच्याला फोन लावला. आधी त्याला हा सारा बोअर-पुराणाचा अध्याय ऐकवला. मग म्हणालो, "ज्या रायफलीची तुला भीती वाटणार नाही ती घे. हरणावर एक गोळी झाडण्याआधी कागदावर शंभर झाड. दिसल्याशिवाय झाडू नकोस. शरयूच्या काठी दशरथाने घागरीच्या आवाजावर बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला, हे तुझ्या त्या सक्तीच्या वर्गात शिकवले नसेल. आणि जखमी झाले तर घरी येऊ नकोस. ते सापडेपर्यंत जंगल सोडायचे नाही."

"पण मामा, मारूच नको असं तुम्ही म्हणत नाही?" त्याने विचारले.

मला हा प्रश्न अपेक्षित होता. आपल्याकडे उत्तर सोपे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप, रात्रीचे दिवे आणि लांब पल्ल्याच्या रायफली यांनी इथली रानेच्या राने रिकामी केली होती. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानात एका रात्री तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये देशातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आज आमच्या जिल्ह्यात पालच्या बाजूला यावल अभयारण्य आहे, ते १९६९ पासूनचे. आणि शेजारच्या शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचे, १९८६ पासूनचे. इथल्या रानात हरिणे आधीच मोजकी. ती बिबट्याच्या वाट्याची आहेत, आपल्या नाहीत.

अमेरिकेचा हिशेब वेगळा. १९०० च्या सुमारास तिथेही हरिणे संपत आली होती, काही लाखच उरली होती. मग हंगाम ठरले, परवाने आले, आणि १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. आज तिथे तीन कोटींच्या आसपास हरिणे आहेत असे मानतात. लांडगे आणि पूमा बहुतेक भागांतून हटल्यामुळे ती वाढतात, पिके खातात, रस्त्यांवर मोटारींखाली सापडतात. तिथे कोणीतरी ती कमी करावी लागतात. हे सारे मी भाच्याला सांगितले आणि म्हणालो, "तेव्हा मारू नको असे मी इथे बसून तुला सांगणार नाही. मारणार असशील तर नीट मार, एवढेच."

मग तो मूळ प्रश्नावर आला. "आणि आबा पणजोबांची रायफल? त्यांनी मारलेल्या मोठ्या सांबराची गोष्ट आई सांगते. पाहुण्यांनी चुकवलेलं ते."

क्षणभर वाटले, राहू द्यावे. पण त्याच्या हातात रायफल येणार होती. मी त्याला खरी गोष्ट सांगितली. माझ्या बहिणीलाही ती ठाऊक नव्हती. बराच वेळ तिकडून आवाज आला नाही, मला वाटले फोन तुटला. मग तो म्हणाला, "मॅग्नम नको तर."

त्याने साधी ३०८ घेतली, मवाळ धक्क्याची. हंगामाच्या तिसऱ्या सकाळी त्याचा फोन आला. एकच गोळी. हरीण पन्नासेक पावले गेले आणि पडले. ताटली चुकली नव्हती. मी सुटकेचा श्वास सोडला आणि शिक्षकाच्या सवयीने म्हणालो, "शाबास! पाहिलेस, छोट्या रायफलीने काम झाले की नाही?"

तो म्हणाला, "झालं. पण मामा, मी जवळ गेलो तेव्हा त्याचा डोळा उघडा होता. छोट्या रायफलीनंसुद्धा ते तेवढंच मेलं."

यावर मला काही सुचले नाही. खाली आई विचारीत होती, कोणाचा फोन, सगळे बरे आहे ना. मी म्हणालो, हो, बरे आहे.

या वर्षी फटाक्यांच्या दुकानात चिरंजीवांनी पुन्हा सुतळी बॉम्बकडे बोट दाखवले आहे. अजून मी होकार दिलेला नाही. भाच्याने या हंगामाचा परवाना काढला की नाही, हेही मी विचारलेले नाही. त्याला सांगायचे असेल तेव्हा तो सांगेल. मी माळा झाडला, समया उतरवल्या आणि पितळेच्या भांड्यांबरोबर ती पुंगळीही चिंचेने घासून टेबलावर ठेवली आहे. कोणी विचारले तर आता गोष्ट खरी सांगतो.